चारही ट्यूब एकदम

दि. ६ फेब्रुवारी

चि. ठिणगी यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तूही खुशाल असशील असं धरून चालते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पोस्टाची तिकिटं शोधायला अख्खं कपाट उपसावं लागलं, हे तुझ्या माहितीसाठी.

काम असं आहे. माशांच्या टाकीसाठी दिव्याच्या ट्यूब निवडायच्या आहेत. झाकणात चार बसतात हे तुला ठाऊक आहेच, झाकण तूच केलंस. दुकानात जाऊन आले. दुकानदाराने काउंटरवर सहा खोकी मांडली आणि म्हणाला, "मॅडम, कुठली देऊ?" मी म्हटलं, "जिच्यात निळं खरंच निळं दिसतं ती." म्हणाला, "सगळ्यांतच दिसतं." मग मी त्याला एकेक लावून दाखवायला सांगितली. पांढरी म्हणवणारी पिवळट. निळी म्हणवणारी, शंभर वेळा धुतलेल्या चादरीसारखी. शेवटची त्यातल्या त्यात बरी होती. त्यावर तो म्हणतो कसा, "ही फार कडक आहे हो, चार लावू नका." दुकानदार असून विकायला तयार नाही, असा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

रंगाच्या कारखान्यात छत्तीस वर्षं मी छटा जुळवल्या. गिऱ्हाइकाने पडद्याची चिंधी आणून द्यायची आणि मी डब्यात थेंब थेंब टाकत भिंतीसाठी तोच रंग काढायचा. पुढे यंत्र आलं, तरी यंत्राने काढलेल्या रंगावर शेवटची सही माझीच असायची. तेव्हा रंगाचं मला कुणी शिकवू नये. पण ट्यूबच्या आत काय असतं ते तुझं खातं. दुकानांचे, नाट्यगृहांचे दिवे तू बसवतोस. म्हणून विचारते. दोन पांढऱ्या, दोन निळ्या हेच प्रमाण ठेवायचं की चारही निळ्या चालतात? रोज किती तास? आणि समजा, नुसतं समजा, कुणी चारही एकदम बदलल्या, तर प्रवाळांना काही होतं का?

मासे दोघेही मजेत. नारिंगी पूर्वीसारखाच भांडकुदळ. पाण्याचा खारेपणा दर रविवारी मोजते. मासोळी गेल्यावर तू टाकी माझ्याकडे आणून ठेवलीस त्याला पावणेतीन वर्षं होतील. तुझ्या बायकोला मासोळी हे नाव मी ठेवलं, पण त्या पाण्यातलं तिला जेवढं कळायचं तेवढं मला कळत नाही, हे मान्य. तिने अंगठ्याएवढा तुकडा दगडाला चिकटवून वाढवलेलं ते जांभळ्या टोकांचं प्रवाळाचं झुडूप ठीक आहे.

मागच्या वेळी तू पक्कड इथेच विसरून गेलास. पुसून, तेल लावून ठेवली आहे.

प्रकृतीला जप.

तुझी,
ताई


दि. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन पांढऱ्या, दोन निळ्या. आठ तास.

ट्यूब वर्षभर जळली की डोळ्यांना तेवढीच लख्ख दिसते, पण तिचा जोर गेलेला असतो. प्रवाळाला त्या कमी जोराची सवय होते. मग चार नव्या एकदम डोक्यावर आल्या की ते होरपळतं. म्हणून मी दर तीन महिन्यांनी येऊन एकच बदलायचो. हे तुला कधी सांगितलं नाही. मी येतच होतो, सांगायची गरज वाटली नाही.

तू "समजा" दोनदा लिहिलंस, म्हणजे ते झालेलं आहे. आता असं कर. नव्यांतली एकच ठेव, बाकी तीन काढ. जुन्या टाकून दिल्या नसशील तर त्यांतली एखादी सोबत लाव. रोज चारच तास. झाकणाखाली मच्छरदाणीच्या जाळीच्या चार घड्या घाल आणि दर चार दिवसांनी एक कमी करत जा. झुडूप पांढरं पडलं असेल तर घाबरू नकोस. पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे. अंगावर हिरवं शेवाळ धरलं, की मग गेलं.

तिच्या हातचं तेवढं एकच राहिलंय. कपडे मी वाटून टाकले.

आणखी एक. तुझं पत्र निळ्या शाईत आहे. सहीसुद्धा. काळ्या शाईशिवाय तू आयुष्यात काही लिहिलेलं नाहीस. लहानपणी मी तुझ्या दौतीत निळी शाई ओतली होती, तेव्हा तू मला बडवलं होतंस. ताई, डोळे दाखवून ये. पुढच्या आठवड्यात नाही, उद्या.

ठिणगी


दि. ३० मार्च

ठिणगी,

पत्र वाचून आधी रागच आला. शाई काळी की निळी हे मला सांगणारा तू कोण, असं मोठ्याने म्हणाले. ऐकायला नारिंगी मासा तेवढा होता. मग पेन घेऊन शेजारणीकडे गेले. ती शिवणकाम करते, दोऱ्यांच्या रंगांत तिचा दिवस जातो. "हा कुठला रंग गं?" "निळा." "नीट बघ." "अहो ताई, निळा म्हणजे निळा, त्यात नीट काय बघायचं?" तिने त्याच रंगाचं रीळ काढून पेनाशेजारी धरलं. मला दोन्ही काळीच दिसत होती.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा रंग सगळ्यांत आधी गाळला जातो. मी विचारलं, "मग मला कळलं कसं नाही? माझं सगळं आयुष्य रंगात गेलं." त्या म्हणाल्या, "फार हळू होतं ते. रोज बघणाऱ्यालाच कळत नाही." त्या पुढच्या पेशंटचे कागद बघत होत्या. मी मात्र तिथेच बसून राहिले, शेवटी परिचारिकेने येऊन उठवलं.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. घरी आले तो दिवस लिहून ठेवण्यासारखा आहे. बैठकीची भिंत मी गेल्या वर्षी स्वतः छटा काढून पांढरीशुभ्र लावून घेतली होती. ती चक्क आभाळी आहे. रंगाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मला दिसत होतं ना, पण तुमच्यापुढे कोण बोलणार?" वर्षभर घरात आलेला प्रत्येक माणूस ती भिंत बघून गेला आणि एकानेही तोंड उघडलं नाही. असा माझा दरारा. आता मी एक डोळा झाकून एकदा आभाळी भिंत बघते आणि दुसरा झाकून एकदा पांढरी. करमणूक चांगली आहे.

आता टाकीचं. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. दुकानातून त्या कडक निळ्या चार मी दहा जानेवारीलाच आणून लावल्या होत्या आणि दिवसाला दहा तास चालवत होते. तरीही मला त्या पुरेशा निळ्या दिसत नव्हत्या. सातव्या दिवशी झुडपाची टोकं पांढरी झाली, दहाव्या दिवशी सगळं झुडूप. तुला "ठीक आहे" लिहिलं त्या सकाळी ते खडूसारखं पांढरं उभं होतं. तुझं पत्र आल्यावर सगळं तू सांगितलंस तसं केलं. जुन्या ट्यूब जिन्याखाली होत्या, त्यांतली एक लावली. जाळीच्या घड्या मोजून कमी केल्या. तरी बुंध्याकडून शेवाळ चढायला लागलं, रोज बोटभर. फक्त एका फांदीच्या टोकाला नव्हतं. मासोळी तुकडे कसे करायची ते मी पाहिलं होतं. तुझी पक्कड गरम पाण्याने धुतली, तेलाचा अंश राहू दिला नाही आणि ते टोक मोडून घेतलं. दगडाला चिकटवलं. बाकीचं गेलं, ठिणगी. माझ्यामुळे गेलं.

ते टोक अंगठ्याएवढं आहे. कालपासून त्याच्यावर किंचित तपकिरी झाक येते आहे. तपकिरी चांगलं, असं टाकीबरोबर आलेल्या मासोळीच्या वहीत लिहिलंय. उजव्या डोळ्याने पाहिलं आहे, म्हणजे विश्वास ठेवायला हरकत नाही.

आणि पक्कड तू विसरला नव्हतास.

मागच्या वेळी आलास तेव्हा तू नवी ट्यूब लावलीस आणि मी म्हटलं, ही जुनी आहे, दुकानातला उरलेला माल माझ्या गळ्यात मारतोस. तू म्हणालास, "ताई, तुझ्यासमोर खोक्यातून काढली. निळीच आहे, मला दिसतेय." इथवर नेहमीचंच भांडण होतं. मग मी म्हटलं, "तुला काय दिसणार? बायको रोज समोर बसून जेवत होती, वाळत चालली होती, ते तरी दिसलं का तुला?" तू पक्कड टेबलावर ठेवलीस आणि गेलास. दार आपटलंही नाहीस.

मासोळी दर रविवारी माझ्याकडे जेवायला यायची. तिचा रंग उतरत होता, तो माझ्यासमोर उतरत होता. एका थेंबाचा फरक ओळखणारी म्हणून माझी कीर्ती. मलाही दिसलं नाही. शेवटच्या महिन्यात तिने खुर्चीवर उशी मागितली तेव्हा मी तिला चिडवलं होतं, म्हातारी झालीस म्हणून. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्यापेक्षा तुझ्यावर ढकलणं सोपं होतं. मला त्याची लाज वाटते, रोज वाटते. आणि मी निळ्या शाईत लिहिलेलं तुला इतक्या लांबून दिसलं.

डाव्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात आहे. थेंब घालायला शेजारीण येते, तेव्हा त्यासाठी येऊ नकोस. मे महिन्यात एक ट्यूब बदलायची आहे. दोन पांढऱ्या आणि एक निळी खोक्यात बंद आहेत, या वेळी दुकानदार म्हणाला तशाच आणल्या. मी त्यांना हात लावणार नाही. तू आलास तर तू बदलशील, नाही आलास तर आहे त्या उजेडात ते टोक जगेल तेवढं जगेल.

या पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद नाहीत. विसरले नाही. ज्याची माफी मागायची त्याला आशीर्वाद कुठल्या तोंडाने द्यायचे, म्हणून लिहिले नाहीत. मला माफ कर.

शाई काळी आहे.

वाट बघणारी,
ताई