आण्णांची पेटी, ताईचा कीबोर्ड

शारजा, ४ फेब्रुवारी १९९९

ती. सुवर्णाताईस जीवनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि त्यातला गाठी मारलेला हाराचा दोरा मिळाला. खोलीतली पोरं म्हणाली, जीवनला फेब्रुवारीतच राखी आली. त्यांना काय सांगू, की माझ्या बहिणीनं पेटीच्या एका सप्तकाची रुंदी दोऱ्यानं मोजून पाठवलीय, हार मोजावा तशी!

शुक्रवारच्या सुट्टीत सहा दुकानं फिरलो. पट्ट्यांवर दोरा ठेवला की दुकानदार हसायचे, पण तुझंच खरं निघालं. स्वस्तातल्या दोन कीबोर्डांच्या पट्ट्या इतक्या बारीक, की तुझं एक बोट दोन पट्ट्या दाबेल. एक लांबलचक चंदेरी मात्र लय मनात भरला. आवाज असा की मांडव हलेल. पण मखमलाबादहून नाशिक रोडला दोन बस बदलून न्यायचाय असं तू लिहिलंस, म्हणून तो खांद्यावर घेऊन दुकानातच दोन चकरा मारल्या. सेल्समनला वाटलं मी पळवतोय. दारात आडवाच झाला. दिवसभर गोदामात खोकी उचलणारा मी, माझाच खांदा भरून आला. सोडला.

शेवटी एकसष्ट पट्ट्यांचा घेतला. दोरा बरोब्बर बसला. झेंडूच्या भरल्या क्रेटपेक्षा हलका, सेलवर चालतो, हळू दाबलं की हळू वाजतो आणि जोरात दाबलं की जोरात. दीडशे आवाज आहेत, त्यातले शंभर तुला लागणार नाहीत. किमतीचं विचारू नकोस, मला झेपला. माझ्या खोलीतला मालेगावचा इसाक सुट्टीवर येतोय, तो घरी आणून देईल. त्याला जेवल्याशिवाय सोडू नकोस.

जयराम मास्तरांच्या ऑर्केस्ट्रात तुझी जागा पक्की झाली की मी जिंकलो. सातवी नापास झाल्यापासून माझ्या हातून एक काम धड झालं नाही, असं आण्णा म्हणायचे. त्यांना म्हणावं, हे वाजवून बघा.

माया आहे तेवढी राहू दे, उपदेश थोडा कमी केलास तरी चालेल.

तुझा
जीवन

—

मखमलाबाद, २ मार्च १९९९

चि. जीवन यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इसाकभाई येऊन गेले. भाकरी आणि भरली वांगी पोटभर जेवले. तू तिकडं रोज नुसता भात खातोस, हेही सांगून गेले. त्याबद्दल पुढच्या पत्रात बघते तुला.

कीबोर्ड दिसायला देखणा आहे. उचलायला हलका आहे. पण जीवन, तुला फसवलं रे. आण्णांनी शेजारी पेटी घेतली, दोघांची तीच पट्टी दाबली, तर तुझा कीबोर्ड चढा लागतो. प्रत्येक पट्टी चढी. आण्णांनी तिथंच सांगितलं, की हा माल बेसूर आहे, परत पाठवा. तीस वर्षं गावाच्या भजनाला त्यांनी सूर दिलाय. त्यांच्या कानापुढं मी काय बोलणार?

चार एप्रिलला नाशिक रोडला मास्तरांसमोर वाजवायचंय. लग्नसराईचे सगळे कार्यक्रम त्यावर ठरणार. मास्तर म्हणाले, की कीबोर्ड ज्याचा त्यानं आणायचा, आणि दुसरी मुलगी स्वतःचा घेऊन तयार बसलीय. आण्णा शेजारी पेटीवर वाजवून दाखवतात, त्याशिवाय माझी तयारी होत नाही. दोन्ही जुळत नाहीत, मी काय करू ते कळव.

तुझ्यावर राग नाही. तू मनापासून घेतलास हे मला कळतं. तब्येत सांभाळ, आणि भाताबरोबर काहीतरी खात जा.

तुझी
ताई

—

शारजा, १४ मार्च १९९९

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र वाचलं आणि भांडायच्या तयारीनंच दुकानात गेलो. तो सेल्समन केरळचा आहे, शांत माणूस. त्यानं मला चहा पाजला, मग दुकानातले दहा कीबोर्ड ओळीनं लावून तीच पट्टी दाबली. दहाही एकाच सुरात. वेगवेगळ्या कंपन्यांचे! आता दहा कंपन्या मिळून आपल्या आण्णांशी वैर कशाला धरतील?

ताई, आपली पेटी उतरलीय. तो म्हणाला, की पेटी वर्षानुवर्षं वाजवली की स्वर खाली येतात. पखवाज पेटीवर लावतात, म्हणणारे पेटीवर म्हणतात. म्हणजे सगळं मखमलाबाद हळूहळू खाली उतरलं आणि कुणाला पत्ताच नाही! मला रस्त्यात एकट्याला हसू आलं. मग वाटलं, हे आण्णांना सांगणार कोण? मी तर नाय. आणि तूही सांगू नकोस, तुला माझी शपथ.

कीबोर्डच्या मागं, वायर लागते तिथं, एक छोटं चाक आहे. ते फिरवलं की सगळाच सूर वरखाली होतो. घरी बसताना आण्णांच्या पेटीइतका खाली घे. नाशिक रोडला जाताना चाक मधल्या खुणेवर आण. आण्णांना सांग, की जीवननं दुरुस्तीची युक्ती कळवलीय. माझी अब्रू गेली तरी चालेल, ती मोठी नव्हतीच.

चार तारखेला मी इथं खोकी मोजताना चुकणार, हे नक्की. आशीर्वाद धाडत जा.

तुझा
जीवन

—

मखमलाबाद, ७ एप्रिल १९९९

चि. जीवन यास अनेक आशीर्वाद.

तुझी शपथ मी पाळली. रोज संध्याकाळी बसण्याआधी चाक खाली घ्यायची. आण्णा खूश. म्हणायचे, पोरगं निदान दुरुस्ती तरी शिकलं.

चार तारखेला मात्र माझ्या भीतीनं घोळ केला. आण्णा सोबत येतो म्हणाले, त्या गडबडीत चाक वर घ्यायचं राहिलं. मी वाजवायला लागले तर बासरीवाल्यानं कानात पाणी गेल्यासारखं तोंड केलं. मास्तरांनी हात वर करून थांबवलं. मला वाटलं बोटं चुकताहेत. दुसरी मुलगी आपल्या कीबोर्डच्या पिशवीची चेन उघडायलाही लागली.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आण्णा टोपी सावरत उभे राहिले आणि सगळ्यांसमोर ओरडले, की पोरी, मागचं चाक वर घे, हे काय आपलं घर आहे का!

चाक वर घेतलं आणि पहिल्यापासून वाजवलं. मास्तरांनी अक्षय्य तृतीयेपासूनच्या चौदाही कार्यक्रमांना माझं नाव लिहिलं.

बसमध्ये मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं? तर म्हणाले, तू चाक फिरवायला लागलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी. गणेशवाडीत फुलं देऊन झाली की पंचवटीतल्या पेटीवाल्याकडं जाऊन आले होते. त्यानंही तुझ्या सेल्समनसारखंच सांगितलं. मग बोलला का नाहीत, म्हटलं. तर म्हणाले, तू रोज माझ्यासाठी सूर खाली घेत होतीस, तुझ्या त्या कष्टाला मध्येच कशाला थांबवू? आणि जीवन, तुझ्याबद्दल म्हणाले, की जीवननं वस्तू पारखून घेतली, पण हे त्याला कळवू नकोस, डोक्यावर बसेल. म्हणून कळवते आहे.

भजनाची पेटी ते दुरुस्त करणार नाहीत. म्हातारे गळे तिथंच बसलेत म्हणतात. पण कालपासून मला चाकाला हात लावू देत नाहीत. आपली पेटी झाकून ठेवतात आणि माझ्या सुरात अभंग म्हणून बघतात. वर पोचत नाही. खोकतात, पाणी पितात, मला थांब म्हणतात, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून धरतात.

इकडचा लोभ तुला पुरून उरेल एवढा आहे. येशील तेव्हा घेऊन जा.

तुझी
ताई