कळीवरचा काळमेघ

३ नोव्हेंबर, माण

काळमेघाचं औषधी पीक नापास. चाकणच्या औषध कंपनीतल्या केमिस्ट मोनिकाने दुपारी फोनवर पक्कं सांगितलं. औषधी कडू द्रव्य हवं दीड टक्का, निघालं पाऊण. "ताई, कळी धरली तेव्हाच कापायला हवं होतं. शेंगा आल्या की कडूपणा उतरतो."

माहीत होतं! पण कळ्या आल्या त्याच आठवड्यात घट बसले. या घरात घट उठेपर्यंत विळा चालत नाही. सासऱ्यांना म्हणाले — मामा, औषध कमी होईल. ते हसले. "भरल्याबिगर कोन कापतं का, सूनबाई? भातबी दाना भरल्यावरच कापत्यात." घट उठले तर पाऊस लागला. शेंगा लोंबल्या. रान कसं भरलेलं दिसत होतं! सगळे खूश.

पेपरात इतकी वर्षं काढली, बातमी कधी उशिरा दिली नाही.

४ नोव्हेंबर

शेवटचं दीड एकर. बाकी सगळं गोदामांखाली गेलं. मामांनी गोदामवाल्याला शब्द दिलाय — माल पास झाला तर रान ठेवतो, नाहीतर सही करतो.

जेवताना जयदीप म्हणाला, "तुझं पीक म्हणजे आमच्या कंपनीतले नवे ट्रेनी. दिसायला भरगच्च, आत काही नाही!" असला नवरा. मामा हसले नाहीत. अर्ध्या भाकरीवर उठले.

६ नोव्हेंबर

काही लिहावंसं वाटत नाही.

७ नोव्हेंबर

मोनिकाचा फोन. नमुन्यात काड्याच फार होत्या. द्रव्य मुख्यतः पानांत असतं. नुसती पानं आणा, पुन्हा तपासते. "फार आशा ठेवू नका, ताई." नाही ठेवली.

मामांना सांगितलं नाही. पुन्हा नापास झालं तर? एकाच दुःखाला त्यांनी दोनदा का सामोरं जायचं!

८ नोव्हेंबर

माल शेजारच्या गोजाबाईंच्या पडवीत. दोघी दिवसभर पेंढ्यांची पानं ओरबाडत बसलो. निम्मी तर रानातच गळालेली. बोटं कडू, चहा कडू. गोजाबाई म्हणाल्या, "माज्या जावेला पाज ह्यो काढा. लई ग्वाड बोलती!" हसले. मग रडूच आलं. संध्याकाळी नमुना पोचवला.

१२ नोव्हेंबर

नुसती पानं — एक पूर्णांक सहा दशांश टक्के. पास! मोनिकाने स्वतः कळवलं. धावतच मामांकडे गेले. ओट्यावर बसले होते. ऐकून घेतलं.

"काल सही केली, सूनबाई. तूच म्हनलीस नापास. मग थांबायचं कशाला? शब्द व्हता."

सोमवारी मुरमाचे डंपर येणार.