केळी घेऊन आलेले तिघे

चि. धाकट्या लेगियेमला,

सगळ्यांत आधी दारातून आत शिरला तो राजेळी केळ्यांचा घड. घडामागून मार्तोयो गुरुजी (तेच, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी रस्त्यात पोरांना पाढे विचारतात ते), आणि गुरुजींच्या मागून ओळीने तीन बाप्ये. तिघांचे केस लांब, तिघांच्या अंगात कडक इस्त्रीचे बाटिकचे सदरे, आणि दोघांच्या हातांत केळीच्या पानाने झाकलेली ताटं. मी तेव्हा मागच्या दारी कोंबड्यांना दाणे टाकत होते आणि अंगावर घरातलाच फाटका झगा होता. पण थांब, तुला अजून सलामच केला नाही. सलाम घे, आशीर्वाद घे, तुझे गुडघे कसे आहेत ते कळव, आणि तिकडे लांपुंगला तुझ्या मिऱ्यांच्या वेलांवर पडलेली कीड गेली की नाही तेही. मी बरी आहे. दात आणखी एक गेला, पण तो दुखणाराच होता, त्यामुळे दुःख नाही. पत्राच्या ओळी वर वर चढत गेल्या तर हसू नकोस, आपली तिसरीपर्यंतची शाळा, त्यातही पेरणीच्या दिवसांत सुट्टी.

तर ते तिघे. मी आधी ओळखलंच नाही, कारण चाळीस वर्षांत मी त्यांना काळ्या बनियनशिवाय पाहिलेलं नाही. मग मधला हसला आणि त्याचा किडका सुळा दिसला, तेव्हा कळलं की हा गातोत, म्हणजे हे ‘वातू कोबोंग’वाले, माझ्या लेकाचा, त्र्योनोचा बँड. गातोत गायचा (गायचा म्हणजे ओरडायचा, पण लोक तिकीट काढून ऐकायचे, त्यामुळे गायचाच म्हणू). आता मालांगला तळलेल्या मासळीचं दुकान चालवतो. दुसरा योयोक, गिटारवाला. त्याची बायको गेल्या साली वारली, आणि तेव्हापासून तो केस इतके काळे करतो की सदऱ्याच्या कॉलरलाही रंग लागलेला. तिसरा सिस्वो, मोठ्या जाड तारांची गिटार वाजवतो. लग्न केलं नाही. त्याच्या तोंडून आजवर मी जेमतेम दहा शब्द ऐकलेत, त्यांतले निम्मे “नको, जेवून आलोय”.

आता तूच सांग, लेगियेम. बाटिकचे सदरे, पुढे बोलायला गावातला वडीलधारा, केळ्यांचा अख्खा घड, आणि पानाखाली काय, तर वाजिक. गूळ घालून घोटलेला चिकट तांदूळ आपल्याकडे कुणी उगाच दुसऱ्याच्या घरी नेतं का? दोन जीव असे चिकटोत म्हणूनच नेतात ना? त्यात त्र्योनो गेल्यानंतरच्या हजाराव्या दिवसाचं जेवण होऊन दोनच महिने झालेले, म्हणजे घराचं सुतक पुरतं फिटलेलं. आणि घरात मागण्याजोगं आहे कोण? कोंबड्या सोडल्या तर मी आणि त्र्योनोची लेक रिंजानी. मी पंचाहत्तरीची. मग उरलं कोण ते तूच बघ.

पोरीला चोविसावं लागलंय हे मलाही कळतं. पण तिची आई हाँगकाँगला लोकांची घरं सांभाळते, बाप मातीत, आणि या घरात माणसाचा आवाज म्हणून तिचाच. तीही गेली तर मी बोलणार कुणाशी? पण पाहुणे आले की मला आनंदही होतो, तो काही झाकता येत नाही. तीन वर्षांत या घरात एवढी माणसं एकदम बसली नव्हती. घाईघाईने नवा झगा चढवला, चहा केला, सोयाबीनच्या तेंपेचे मेंदोल-वडे तळले, झाकणं घालून पेले पुढे ठेवले, आणि गोंधळात “मोंग्गो, घ्या” म्हणायचंच विसरले. मग काय, म्हटल्याशिवाय कोण हात लावतो? चौघेही पेल्यांकडे बघत बसले. चहाचं गार पाणी झालं आणि मी मनात म्हणतेय, शहरात राहून यांची चहाची सवयच गेली वाटतं.

गुरुजींनी बोलायला सुरुवात केली ती दरबारी भाषेत. मला त्यातलं निम्मं कळतं, उरलेल्यावर मी मान हलवते. बियाणं कसं असतं, शेत कसं असतं, एका शेतातलं रोप दुसऱ्या शेतात लावलं तर कसं तरारतं, असं तासभर चाललं. रोप कोण ते मला कळलं. शेत कोणतं ते कळेना. म्हणून मी हळूच योयोकला विचारलं, “बाबा, तुझा जन्म कोणत्या वाराचा, आणि पाच बाजारवारांतला कोणता?” तो म्हणाला, “शनिवार, वागे.” मी बोटांवर हिशेब केला. रिंजानी शुक्रवार-पोनची. दोघांची बेरीज अशी आली की घरात सारखी आजारपणं. बरं, सिस्वोला विचारलं, तर तो म्हणाला, “ठाऊक नाही,” आणि लाजून पायांकडे बघू लागला. मला वाटलं, हाच तो. लाजतोय बघ. पण साठीचा गडी, लेगियेम. पोरीच्या बापापेक्षाही थोरला.

तेवढ्यात तिसऱ्या प्रहरची, असरची बांग झाली, सगळे उठून नमाज पढून आले, आणि आल्यावर गुरुजी वेताच्या खुर्चीत बसले ते बसल्या बसल्या घोरायलाच लागले. मग मीच धीर केला. (रीत नाही ती, माहीत आहे. पण बोलणारा झोपला तर काय करायचं ते रीतीत सांगितलेलं नाही.) मी गातोतला विचारलं, “सरळ सांग रे. तुमच्यापैकी कोणासाठी?”

तो म्हणाला, “तिघांसाठीच, बुदे मावशी. तिघांनाही ती हवी आहे.”

मी आधी गुरुजी झोपलेत ना ते पाहिलं.

“आणि तिचं काय म्हणणं?” मी विचारलं.

“ती म्हणते, माझी उती-आजी हो म्हणाली तरच.”

म्हणजे पोरगी तयार! तिघांना! मी म्हटलं, “गातोत, तुझी बायको जिवंत आहे ना?”

“आहे की. वाजिक तिनेच केला. बुदेकडे पोरगी मागायला जायचंय, काय नेऊ, असं विचारलं तर तिने सगळं रीतसर बांधून दिलं. गुरुजींनाही तेवढंच सांगितलं होतं.”

आणि नेमकी त्याच वेळी रिंजानी सफरचंदाच्या वेफर्सच्या कारखान्यातून स्कूटरवर घरी आली. दारात उभी राहून तिने घड पाहिला, ताटं पाहिली, झोपलेले गुरुजी पाहिले, माझं तोंड पाहिलं, आणि तिथेच उंबऱ्यावर बसून हसायला लागली. हसणं थांबेना. “काका, तुम्ही वाजिक आणलात?” एवढंच तीनदा म्हणाली. सिस्वोचे कान लाल झाले. योयोक म्हणाला, “मी याला सांगत होतो, बिस्किटांचा डबा ने.”

मग एकदाचं कळलं ते असं. चौदा वर्षांनी बँडला पुन्हा अल्बम काढायचाय. गाणी झालीत, गातोतच्या गळ्यातून अजून आवाज निघतो (दुकानात “दोन प्लेट!” ओरडून टिकलाय म्हणे). अडलंय ते ड्रमवर. आपल्या त्र्योनोच्या जागी त्यांनी जकार्ताचे तीन वादक बसवून पाहिले. तिघेही घड्याळासारखे, एक ठोका इकडचा तिकडे नाही. आणि तिथेच गाणं मोडतं म्हणे.

“तो अर्धा श्वास उशिरा मारायचा, बुदे,” गातोत म्हणाला. “आमचं सगळं त्या अर्ध्या श्वासात बसलेलं. तसं मारणारं माणूस जगात आता एकच उरलंय. त्याच्या मांडीवर बसून शिकलेलं.”

मला काही उमगेना. उशिरा मारणं म्हणजे चूक ना? मग चूक मागायला कुणी येतं का, केळी घेऊन? आणि हजार दिवस थांबून? कारण ते थांबले होते, लेगियेम. हजारावा दिवस होईपर्यंत त्याच्या जागेबद्दल कुणाकडे शब्द काढायचा नाही, असं तिघांचं ठरलं होतं. हे मला सिस्वोने सांगितलं. एकदम एवढे शब्द. आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.

ही माणसं मला भितात, तेही त्या दिवशी कळलं. एकदा ऐन दुपारी मागच्या पडवीत त्यांचा धडधडाट चालला होता, तेव्हा मी भाताची पेज त्यांच्या त्या आवाज मोठा करणाऱ्या पेटीत ओतली होती (तू होतीस ना तेव्हा? तूच पातेलं दिलंस). म्हणूनच गुरुजींना आणलं. पण मला पेटीचा राग नव्हता, रस्त्याचा होता. त्या बँडच्या गाडीने माझा मुलगा वर्षातले आठ महिने नेला, आणि उरलेले चार तो झोपून काढायचा. आता तीच गाडी त्याच्या पोरीसाठी दारात उभी. तीन महिने बांडुंगला ध्वनिमुद्रण, मग गावोगाव.

मी एवढंच म्हटलं की पोरगी मागायला आलात ना, मग उत्तरही रीतीनेच मिळेल, त्याच दिवशी नाही. आज मंगळवार, पोन. पस्तीस दिवसांनी पुन्हा मंगळवार-पोन येईल, माझा जन्मवार, तेव्हा या. योयोक काही बोलणार होता, गातोतने त्याचा पाय दाबला आणि म्हणाला, “येऊ, बुदे.” तेवढ्यात गुरुजी जागे झाले आणि लग्नाचा महिना कोणता ठरला ते विचारू लागले. मग मला आठवलं, मी “मोंग्गो” म्हटलं, आणि सगळ्यांनी थंड चहा प्यायला. मीही प्यायले.

माझं मन नाहीकडे आहे. पण घरात वडीलधारं म्हणून आता तूच उरलीस, म्हणून विचारते. तुझ्या पोरीला आशीर्वाद सांग, जावईबापूंना सलाम सांग.

तुझी थोरली,
पोनियेम

ता.क. मन नाहीकडे आहे असं वर लिहिलं, ते खोडायला जागा नाही. रिंजानी महिनाभर दर रविवारी कुराणपठणाला जाते असं सांगून मालांगला जाऊन यांच्याबरोबर वाजवत होती. मला कळलं नाही असं तिला वाटतं. पठणाहून आलेल्या पोरीच्या तळहाताला फोड येत नाहीत. मीच रात्री तेल गरम करून ठेवायचे आणि काही विचारायचे नाही. फोड आले त्या दिवसापासून पोरगी जेवायला लागली, लेगियेम. बाप गेल्यापासून नुसती चिवडत होती.

पुन्हा ता.क. तो उशीर कुठला, ते मी त्यांना सांगितलं नाही. तुला सांगते. फणसावरून पडून माझा डावा कोपर वाकडा झाला, तेव्हापासून भात कांडताना माझं मुसळ नेहमी मागे पडायचं, आणि तू ओरडायचीस, “ताई, आटप.” त्र्योनो तेव्हा माझ्या पाठीला बांधलेला असायचा. बाकी काय ते तूच समज. मला हे लिहिताना हसूही येतं आणि दुसरंही काही येतं.

शेवटचं ता.क. खरं सांगायचं ते राहिलंच. मी हो म्हणणार आहे. पण एकटीने बसून तो शब्द तोंडातून निघायचा नाही, आणि निघाला तरी दुसऱ्या दिवशी घरात फक्त कोंबड्या. तू ये. ते तीन महिने माझ्याकडे राहा, मिऱ्याचे वेल जावई बघेल. बोट आणि बस मिळून दोन दिवस लागतात, गुडघ्यांचे आणखी दोन धर. आदल्या शुक्रवारी निघ, म्हणजे पाहुणे यायच्या आधी पोचशील. ते दुपारच्या नमाजानंतर येतील, पुढच्या महिन्यातल्या मंगळवारी, पोनला.