वेळेवर न गेलेल्या विक्रीबंदीच्या पत्राबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोयाबीन बियाणे तक्रार चौकशी समिती,
जालना.

अर्जदार : गजानन मुकुंद टाकळकर, माजी पत्रव्यवहार लिपिक, मे. कुंडलतीर सीड्स, नवीन जालना.

विषय : पिंपळगाव रेणुकाई येथील बियाणे विक्रेते श्री. राधेश्याम नरवाडे यांना ११ जूनचे पत्र पेरणीपूर्वी मिळालेच नव्हते, याची नोंद घेणेबाबत.

संदर्भ : कंपनीने समितीपुढे दाखल केलेली सदर पत्राची छापील प्रत.

महोदय,

१. अर्जदार हा वरील कंपनीत अनेक वर्षे पत्रव्यवहाराचे काम पाहत होता. विक्रेत्यांना जाणारी सगळी पत्रे त्याच्याच टेबलावरील संगणकातून, एका जुन्या ई-मेल प्रोग्राममधून जात. तो प्रोग्राम अर्जदाराच्या हातात पुरता बसला होता. पत्र निघाले की खाली एक हिरवी पट्टी सरकायची. ती टोकाला लागली की अर्जदार निर्धास्तपणे पुढच्या कामाला लागायचा.

२. जूनच्या पहिल्या आठवड्यात, ऐन हंगामात, हा प्रोग्राम चालेनासा झाला. बरोबर टाकलेला पासवर्डही तो चुकीचा म्हणून परत करू लागला. कंपनीने संगणक दुरुस्तीचे काम करणारे श्री. संघपाल खरात यांना बोलावले. ते म्हणाले, “मेलवाल्यांनी जुन्या प्रोग्रामला दरवाजाच बंद केला साहेब. आता ह्याला कोणी आत घेत न्हाई. नवा टाकावा लागन.” बाहेर ट्रक भरून उभे होते आणि व्यवस्थापक श्री. सोमेश्वर काळवणे यांचा सारखा तगादा चालला होता. खरात यांनी न जेवता नवा प्रोग्राम बसवून दिला. आलेली पत्रे त्यात दिसू लागली, तसे सर्वांनी हुश्श केले. अर्जदाराने विचारले, “ह्यात पट्टी कुठं दिसते? पत्र गेलं, हे कसं समजायचं?” खरात म्हणाले, “पट्टी नसते ह्यात. डोळ्यापुढून गेलं की गेलं.” त्यांच्या मनात काही खोट नव्हती, हे अर्जदार मुद्दाम नमूद करतो.

३. दि. ११ जून रोजी कंपनीच्या प्रयोगशाळेतून सोयाबीनच्या एका लॉटचा अहवाल आला. निम्मेसुद्धा बी उगवले नव्हते. त्या लॉटच्या पिशव्या मात्र आधीच दुकानादुकानात पोहोचल्या होत्या. अर्जदाराने विक्री तात्काळ थांबविण्याचे पत्र लिहिले आणि विक्रेत्यांना कळविण्यासाठी फोनही हातात घेतला. श्री. काळवणे यांनी तो ठेवायला लावला. त्यांचे शब्द असे : “फोन बिलकुल करू नका. बाजारात बोभाटा होईल. मेल टाका अन् गप बसा.” अर्जदाराने मेल टाकली. ती डोळ्यापुढून गेली.

४. महोदय, ती कुठेही गेली नव्हती. नव्या प्रोग्राममध्ये येणारी पत्रे येत होती, परंतु जाणाऱ्या पत्रांची जोडणी चुकली होती. अर्जदाराने त्या दिवसांत पाठविलेले प्रत्येक पत्र ‘आउटबॉक्स’ नावाच्या कप्प्यात साचत होते, आणि तो कप्पा पडद्याच्या कडेला घडी होऊन मिटलेला होता. बाकीची पत्रे दरपत्रकांची किंवा गाडी निघाल्याची. त्याबाबत फोनवर बोलणे होतच असल्याने कोणी विचारपूस केली नाही. ज्या पत्राबद्दल फोन करण्यास मनाई होती, त्याच पत्राची विचारपूस कोण करणार?

५. दि. २४ जून रोजी श्री. नरवाडे यांचा फोन आला. त्यांचा अर्जदाराशी जुना परिचय. हसून बोलणारा माणूस. त्या दिवशी आवाज ओळखू येईना. “गजाननराव, बी उगवून न्हाई राह्यलं. माझ्याबी वावरात न्हाई. लोकं दुकानापुढं येऊन बसलेत. काय सांगू त्यायला?”

अर्जदार म्हणाला, “तुम्हाला मेल केली होती ना, विकू नका म्हणून?”

“कोणची मेल? मला तर काहीच न्हाई आलं.”

अर्जदाराने लगेच खरात यांना बोलावले. त्यांनी कडेची घडी उघडली, तर आत पत्रांची रांग लागलेली. त्यांतच विक्रीबंदीचे पत्र. खरात यांनी जोडणी दुरुस्त करताच, अर्जदार “थांबा” म्हणेपर्यंत, सगळी पत्रे एकापाठोपाठ एक निघून गेली. पत्रावर तारीख मात्र ११ जूनचीच राहिली, कारण हा प्रोग्राम पत्र लिहून पाठविल्याचा दिवस घालतो, ते खरोखर निघाल्याचा नव्हे. श्री. काळवणे मागेच उभे होते. ते इतकेच म्हणाले, “बरं झालं. तारीख जुनीच पडली.” तीच छापील प्रत आज समितीपुढे आहे.

६. पुढील हकीकत श्री. नरवाडे यांच्या पत्नी श्रीमती दैवशालाबाई यांनी अर्जदारास सांगितली आहे. कंपनीची माणसे गावात येऊन ‘दुकानदाराला आम्ही आधीच कळविले होते’ असे सांगून गेली. त्याच दिवशी संध्याकाळी लोक दुकानापुढे जमले. श्री. नरवाडे शपथेवर सांगत होते की असे पत्र आलेच नाही. “खोटं वाटत आसंल तर बघा तुमच्या हातानं,” असे म्हणून त्यांनी स्वतःचा फोन पुढे केला. एकाने तो उघडून पाहिला. पत्र होते. जुन्या तारखेमुळे ते खाली, मागल्या पत्रांमध्ये जाऊन बसले होते, म्हणून त्यांना दिसले नव्हते. त्या माणसाने तारीख मोठ्याने वाचली. दैवशालाबाई सांगतात की फोन परत मागून घेऊन त्यांचे यजमान पुन्हा पुन्हा पत्राकडे बघत राहिले, जणू आपणच विसरलो असू. तेवढ्यात पहिला दगड आला.

७. श्री. नरवाडे छत्रपती संभाजीनगर येथील दवाखान्यात आहेत. डोक्याला मार आहे. वाचा गेली आहे, शुद्धही पुरती नाही. दुकानाचा परवाना निलंबित आहे. अर्जदार भेटीस गेला तेव्हा दैवशालाबाईंनी त्यास आत येऊ दिले नाही. दारातच विचारले, “तुमाला ठावं होतं ना? मंग पेरणीच्या आत एक फोन कामून न्हाई केला?” मेल टाकली होती, हे अर्जदारास त्या दारात उभे राहून सांगवेना.

८. परत आल्यावर अर्जदाराने खरा प्रकार समितीस लेखी कळविणार असल्याचे श्री. काळवणे यांना सांगितले. दुसऱ्या दिवशी टेबलावर संगणक नव्हता. “जुना झाला होता, काढून टाकला,” असे उत्तर मिळाले, आणि त्याच आठवड्यात अर्जदाराचेही काम काढून घेण्यात आले. घरी पत्नी सरोजिनी हिने सर्व ऐकून घेतले व म्हणाली, “आता तरी लिहा.” म्हणून हा अर्ज.

९. पत्रावरची तारीख काहीही असो, ते ज्या यंत्रांमधून जाते ती प्रत्येक ठिकाणी आपली वेळ टिपून ठेवतात. श्री. नरवाडे यांचा फोन दगडाखाली फुटला आणि त्यांच्या खात्याचा पासवर्ड त्यांच्याशिवाय कोणास माहीत नाही. परंतु तेच पत्र त्याच क्षणी इतर विक्रेत्यांनाही पोहोचले आहे. अर्जदाराने त्यांपैकी काहींची दारे ठोठावली. त्यांना पुढील हंगामाचा माल याच कंपनीकडून घ्यायचा आहे. “आमाला यात ओढू नका,” असे ते म्हणाले. समितीने बोलावल्यास त्यांना नाही म्हणता येणार नाही.

सबब विनंती की, त्या विक्रेत्यांकडील पत्राची तज्ज्ञामार्फत तपासणी व्हावी, अर्जदाराचा व श्री. खरात यांचा जबाब घ्यावा आणि श्री. नरवाडे यांच्यावरील ठपका काढावा. फोनची मनाई पाळल्याबद्दल अर्जदारावर जी जबाबदारी येईल ती त्यास मान्य आहे.

एक विनंती अधिक. समितीचा निर्णय श्री. नरवाडे यांना मेलने किंवा टपालाने कळवू नये. ते अलीकडे डोळे उघडतात. त्यांना ऐकू येते किंवा कसे, हे डॉक्टरांना सांगता आलेले नाही. तरी एखादा माणूस पाठवून निर्णय त्यांच्या उशाशी बसून, मोठ्याने, तारखेसह वाचून दाखवावा. दैवशालाबाईंनी आत येऊ दिल्यास अर्जदार स्वतः वाचून दाखविण्यास तयार आहे.

समितीच्या बोलावण्याची वाट पाहणारा,

(सही)
गजानन मुकुंद टाकळकर
जालना, दि. १८ ऑगस्ट २०२५

सोबत : १) कामावरून कमी केल्याच्या पत्राची प्रत. २) श्री. संघपाल खरात यांचे सहीनिशी निवेदन.