पद एक, झुडपं चार

३ मार्च

चि. चिमीस,
अ. उ. आ.

तुझी वहिनी तुझ्याकडे सुखरूप पोचली का, हे तिने मला कळवलेलं नाही, म्हणून तुलाच विचारतो. बागेत बेरीचं एक तरी झुडूप जमिनीत उभं राहिल्याशिवाय परत येणार नाही, असं सांगून ती गेली आहे. मी ते मनावर घेतलंय. पाणी खात्याच्या नेमणूक शाखेत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला एक झुडूप निवडणं म्हणजे काय मोठंसं!

पद एक, उमेदवार चार. नर्सरीवाल्याने उरतील त्या परत घ्यायच्या बोलीवर कुंड्या दिल्या. जेवणाच्या टेबलाच्या चारही खुर्च्यांवर त्यांना बसवलं आणि मुलाखती घेतल्या. तज्ज्ञ म्हणून शेजारचे चष्मेवाले होते. गूजबेरीने पहिल्याच भेटीत त्यांच्या अंगठ्यात काटा घातला, वागणुकीत शून्य. रास्पबेरी हुशार, पण आधीच्या ठिकाणी चौकशी केली तर कळलं, ही येते एकटी आणि वर्षभरात कुंपणापलीकडपर्यंत सगळं गणगोत बोलावते. तुती पदाच्या मानाने फारच मोठी, चार वर्षांत साहेबाच्याच डोक्यावर बसेल. ब्लूबेरी मात्र गप्प, नम्र, आंबट मातीपलीकडे काही मागणं नाही. एकमताने तिची निवड झाली. नेमणूकपत्र फांदीला बांधलंय, सात दिवसांत रुजू व्हायचंय. वहिनीला सांग, काम फत्ते.

लोभ आहेच, तो कायमस्वरूपी समजावा.

तुझा,
दादा

१२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी शिवणवर्गात मोठ्याने वाचलं. बायकांची हसून हसून पुरेवाट झाली. वहिनीसुद्धा हसली, मग हातातली कात्री खाली ठेवून उठून आत गेली.

अरे, सात दिवसांत रुजू व्हायचं म्हणजे काय? झुडूप काय आपल्या पायांनी चालत जाऊन खड्ड्यात उतरणार आहे? खड्डा तरी खणलास का? वहिनी म्हणते, नसणारच. बैठकीच्या भिंतीवर रंगाचे पाच पट्टे मारून ठेवलेस त्याला नऊ वर्षं झाली, निवड अजून विचाराधीन! गेल्या वर्षी दोन झुडपं तुझ्या निकालाची वाट बघत व्हरांड्यातच वाळली. आपणही वाळायच्या आत निघालो, असं ती म्हणाली.

आता थट्टा पुरे. माझ्या वर्गात शिकवायचं तिने ठरवलंय, मागची खोली मीच तिला दिली. तिचं शिलाई मशीन वीस तारखेच्या आत पाठवून द्यावं, असा तिचा निरोप आहे. मशीन इकडे आलं की ती काही तिकडे यायची नाही, एवढंही तुला कळत नसेल तर धन्य आहे तुझी. मला तुम्ही दोघंही एका घरात हवे आहात रे.

रागावू नकोस. रागवायचंच असेल तर आधी कुदळ हातात घे.

तुझीच,
चिमी

१६ मार्च

चि. चिमीस,
अ. उ. आ.

आठव्या दिवशीही उमेदवार हजर नाही, म्हणून मी कारणे दाखवा नोटीस लिहिली. फांदीला बांधायला गेलो तर पानं मलूल झालेली. चष्मेवाल्यांनी विचारलं, की पाणी खात्यातला माणूस पाणी घालायला कसा विसरला? मी आधी तांब्याभर पाणी घातलं.

मग मशीन बांधायला घेतलं. खोक्यात घातलं, बाहेर काढलं, परत घातलं. तिसऱ्यांदा बाहेर काढलं आणि तडक कुदळ घेऊन बागेत गेलो. प्रस्ताव नाही, मंजुरी नाही, सही नाही. खड्डा खणला आणि ब्लूबेरी लावून टाकली. कंबर धरली आहे.

संध्याकाळी नर्सरीवाला उरलेल्या कुंड्या न्यायला आला. तो म्हणाला, ब्लूबेरी एकटी असली तर फुलते, पण फळ फारसं धरत नाही. शेजारी दुसऱ्या जातीची जोडीदारीण लागते. म्हणजे पदं दोन! आणि दुसरं पद मंजूर करायचा अधिकार मला नाही, तुझ्या वहिनीला आहे. त्या जोडीदारणीसाठी दुसरा खड्डा खणून ठेवलाय. तो रिकामा बघवत नाही. कुंड्या मी परत नेऊ दिल्या नाहीत. रिकाम्या झालेल्या खुर्चीवर मी बसतो, समोर त्या तिघी. त्या उठल्या तर जेवताना समोर कोणीच उरणार नाही.

तिला सांग, मी चुकलो. मला करमत नाही. मशीन खिडकीशी होतं तिथेच आहे.

लोभ असावा, हे आज पहिल्यांदाच मी नुसतं रिवाज म्हणून लिहीत नाही.

दादा

१८ मार्च

अहो,
सा. न. वि. वि.

चिमीने तुमचं पत्र मला वाचून दाखवलं. ती पाणी प्यायला आत गेली तेव्हा मी ते परत एकदा वाचलं.

तुम्ही खड्डा खणलात हे खरंच वाटेना. चष्मेवाल्यांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, दोन खणलेत, आणि दोन्हींची लांबीरुंदी वहीत लिहून ठेवलीय. म्हटलं, मग तुम्हीच!

इथल्या नर्सरीतून मी दुसऱ्या जातीची ब्लूबेरी आणली. रांगेतली पहिली उचलली. आत जाऊन बाहेर यायला जेवढा वेळ लागला तेवढाच. तिची मुलाखत घ्यायची नाही. वीस तारखेला दुपारच्या बसने तिला मांडीवर घेऊन येतेय. चिमीच्या वर्गावर महिन्यातले चार दिवस मी जाणार आहे, ते काम मी सोडणार नाही. आणि भिंतीचा रंग बसमध्येच ठरवून येईन.

लोभ आहे, मात्र यापुढे तो दर सहा महिन्यांनी तपासला जाईल.

तुमची,
मी

ता. क. गूजबेरीला खुर्चीवरून उठवा. मला बसायचंय.