तुमच्या आजाराचा अभ्यास बंद झाला

अहो,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. तुम्ही बोटीवर, मी मासळी बाजारात. लिहिण्याएवढे लांब आपण होतो कुठे? आज लिहितेय, कारण काल मुंबईच्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. तुमच्या आजाराचा अभ्यास बंद झाला. तुमचा जीव त्यात अडकला होता, म्हणून आधी तुम्हाला कळवते.

आठवतं, सुरुवातीला तुमचा पाय वाकडा पडायचा, खांदा आपोआप उडायचा? सारं बंदर म्हणायचं, बोट चालवणारा तांडेलच सकाळी पिऊन आला. तुम्ही तर दारूला शिवत नव्हता! मालकाने बोट दुसऱ्याच्या हाती दिली, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "बापाचं आलं गो माझ्याकडे."

मग बाई आल्या, सोबत तो उंच परदेशी डॉक्टर. हा मेंदूचा रोग आहे, घराण्यात उतरतो. दोन देशांची सरकारं मिळून पैसा घालणार आणि त्याचं मूळ शोधणार, असं त्या म्हणाल्या. सगळ्या नातेवाइकांचं रक्त हवं होतं. भावकीत कुणी तयार होईना. तेव्हा तुम्ही निघालात! जयगडपासून राजापूरपर्यंत एस.टी.ने फिरलो आपण. तुमचं अंग हलतच असायचं. एका कंडक्टरने दारुडा समजून खाली उतरवलं, तेव्हा रस्त्याकडेला बसून रडलात. आणि पुढची गाडी धरलीत. घरोघरी एकच सांगत होतात, "माझं जाऊ दे. पोरांचं वाचेल." लोकांनी हात पुढे केले ते तुमच्याकडे बघून, बाईंकडे बघून नव्हे.

शेवटी घास गिळेनासा झाला. मुंबईच्या इस्पितळात तुम्ही डोळे मिटलेत, आणि ठरल्याप्रमाणे अभ्यासासाठी तुमचा मेंदू काढायची वेळ आली. भावोजी ओरडले, "रिकाम्या डोक्याचा माणूस सरणावर ठेवायचा काय?" मी म्हटलं, त्यांनी शब्द दिलाय. तेव्हापासून भावोजी आपल्या दारात आले नाहीत.

आणि काल बाई ओटीवर बसून काय सांगतात?

"तिकडचं सरकार म्हणतं, नमुने आमच्याकडे पाठवा, मग पैसे देऊ. आपलं म्हणतं, नमुने देशाबाहेर जाणार नाहीत, आणि त्यांचा पैसा आल्याशिवाय आमचा वाटा नाही."

"मग दोघांनी एकत्र बसून ठरवावं ना!"

"बसले होते. पुढे तिकडचे अधिकारी बदलले. नव्यांनी दुसराच आजार घेतला."

"आणि आमच्या माणसाचा मेंदू?"

"आहे बरणीत. अजून कुणी तपासला नाही." त्यांनी चहाला हात लावला नाही. "परत हवाय का तुम्हाला?"

नको म्हटलं. परत आणून करू काय? पण सांगा, ज्या लोकांना तुम्ही भरवसा दिलात, ते बाजारात भेटले की मी काय बोलू?

दाराआड आपली मंदा ऐकत होती. बाहेर येऊन तिने सरळ विचारलं, "म्हणजे मला होणार की नाही, ते कळणारच नाही?"

"आता तरी नाही," बाई म्हणाल्या.

रविवारी हर्णैहून मंदाला बघायला पाहुणे येताहेत. आज सकाळपासून माझ्या मनात एकच, गप्प बसावं. कोण कशाला विचारतंय? मग आठवलं, मलाही कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या घरच्यांनी नाही, आणि अहो, तुम्हीसुद्धा नाही! तुमचे वडील कसे गेले, हे मला पहिलं पोर पोटात असताना शेजारणीकडून कळलं. तुम्ही एवढे चांगले, मग ते का लपवलंत?

मंदाला विचारलं. ती मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "सांग आये. उठून गेले तर जाऊ देत."

म्हणून तुम्हाला वचन देते. पाहुणे ओटीवर बसले, की पोरीला पुढे बोलवायच्या आधी मी त्यांना सगळं सांगेन, तुमचं नाव घेऊन.

तुमची,
शेवंती