गावकीतला एक माणूस

बाबा, तुमची पत्र्याची पेटी मी काल उघडली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी हात लावायचं धाडस होत नव्हतं, आणि आता तर या घरात विचारायलाही कोणी उरलेलं नाही. वर तुमचं धोतर होतं, खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला माझा एम.ए.चा प्रबंध. तो मुंबईकरांनी हरवला, असं तुम्ही मला सांगितलं होतं.

राज्यशास्त्र शिकायला तुम्ही मला रत्नागिरीला ठेवलंत तेव्हा वाडीतले म्हणाले, पोरगी आता आमदार होणार. विद्यापीठाचा विभाग म्हणजे वरच्या मजल्यावरची एक खोली. आम्ही चौघं विद्यार्थी, त्यातले तिघे नोकरीवाले, ते शनिवारीच यायचे. आठवडाभर मी आणि सर. मला एकटीला ते उभं राहून शिकवायचे, वर हजेरीही घ्यायचे. हसू यायचं मला. पण संध्याकाळी मिरकरवाड्याच्या बाजूने वसतिगृहात परतताना ध्यानात यायचं की दिवसभरात मी ‘हजर’ एवढंच बोलले आहे. तुम्हाला पत्रात लिहायचे, मजेत आहे.

सर म्हणाले, पुस्तकातलं पुरे, तुमच्या गावात निवडणूक कशी होते ते लिहा, फक्त गावाचं नाव बदला. मी नाव बदललं नाही. टाइप केलेल्या अक्षरांत आपल्या गावाचं नाव तुम्हाला दाखवायचं, एवढीच हौस.

त्यासाठीच मी घरी आले. तुम्ही चुलीपुढे बसला आहात, आई भाकऱ्या थापते आहे, मी वही घेऊन विचारते आहे. मुंबईत नोकरीला असलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाचं पत्र येतं, गावकी देवळात बसते, तुम्ही ते वाचून दाखवता, पत्रात नावं नसलेले आपापले अर्ज मागे घेतात आणि निवडणूक बिनविरोध होते, एवढं मला ठाऊक होतं. त्या दिवशी तुम्ही पुढचं सांगितलंत. गिरणीतून परत आलेल्या बौद्धवाडीतल्या एकाने अर्ज भरला होता. तो मागे घ्यायला लावायचं काम गावकीने तुमच्यावर टाकलं.

“जल्मात पयल्यांदा त्याच्या घरात बसलो गो,” तुम्ही चुलीतलं लाकूड आत सारत म्हणालात. “त्याची बायको चाय घेऊन आली. ती प्यालो, नि मग सांगितलं, अर्ज काढ, नायतर तुमच्या वाडीची वाट बंद होईल. त्यानं कप तेवढा उचलून नेलान.”

आई थापता थापता थांबली होती. मी सगळं जसंच्या तसं लिहिलं, फक्त तुमच्या जागी ‘गावकीतला एक माणूस’ असं घातलं.

शिमग्याच्या आधी बांधलेली प्रत घेऊन आले. मुंबईकर पोचले तसे तुम्ही ती मंडळाच्या सेक्रेटरीच्या हातात दिलीत. “आमच्या पोरीनं लिवलान.” न वाचताच कौतुकाने दिलीत, असंच मी धरून चालले.

तीन दिवसांनी अंगण सारवलेलं, ताटात ओटीचा नारळ, आई दारात उभी. ढोल जवळ येतो. शिमग्याला घरोघर फिरणारी देवाची पालखी आपल्या आंब्यापर्यंत येते, वळते आणि पुढच्या घरी जाते. पालखीबरोबरची माणसं आपल्या घराकडे बघतही नाहीत. तुम्ही ताट उचलून आत ठेवलंत.

“खोटं लिवलंस काय?”

“नाही.”

“मग जेवून घे.”

त्यानंतर गावकीने तुम्हाला कधी बोलावलं नाही. मुंबईचं पत्र दुसरा कोणी वाचू लागला, आणि तुम्ही पडवीत बसून मला कार्डं लिहू लागलात. त्यांत मोहोर असायचा, म्हैस असायची, माणसं नसायची. मला माणसांत आणण्यासाठी शिकवलंत, आणि मी तुम्हाला माणसांतून उठवलं. गावाचं नाव बदललं असतं तर, हे मी जन्मभर घोळवत राहिले. पुढे कॉलेजात तोच विषय शिकवला, पण बिनविरोध निवडणुकीवर आलं की ते प्रकरण मुलांना घरी वाचायला सांगायचे.

काल ते पान उघडलं. ‘गावकीतला एक माणूस’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली, आणि समासात तुमच्या अक्षरात, “हा मी.” खाली सही आणि तारीख, पंचायतीच्या कागदावर घालायचात तशी. तारीख पालखीच्या चार दिवस आधीची आहे. म्हणजे तुम्ही वाचलं होतं, सही केली होती, मग त्यांच्या हातात दिलं होतं, आणि परत आलेलं मला ‘हरवलं’ सांगून पेटीत ठेवलं होतं. मला मात्र एका शब्दाने कळू दिलं नाहीत. खूप रडले मी काल. रागही आला.

हे पत्र त्याच पानात ठेवून पेटी बंद करणार आहे. पण एक सांगायचं राहिलं. तुमचं नाव मी लपवलं ते तुम्हाला सांभाळायला, असं मी सगळ्यांना सांगत आले. तसं नव्हतं, बाबा. ते पान वाचून सरांनी मान वर करून विचारलं होतं, हा माणूस तुमच्या ओळखीतला का? आणि मी म्हटलं होतं, नाही सर.